दोन ‘तऱ्हेवाईक’ आणि एक किल्ली : वाचनालय प्रकल्पाच्या नोंदी

प्रकल्प : वाचनालयाची सभासद-प्रणाली (पुस्तकांची देवघेव, दंड, सभासदांची चर्चा). कोड पीएचपी ७.४ या भाषेत, डेटाबेस मायएसक्यूएल ५.७. दोन्ही आवृत्त्यांना आता कुणी वाली नाही, हे ठाऊक आहे. काम करणारा मी एकटा, तेही रात्रीच्या जेवणानंतर आणि सुट्टीला.

२९ जून २०२४, शनिवार

बेळगावच्या बाजारातून परत येताना वाचनालयात टेकलो. छत्री उलटी झालेली, पिशवीत मिरच्या आणि पाव किलो कुंदा. वर्तमानपत्रांच्या बाकावर रोज संध्याकाळी अभ्यासाला बसणारा बारावीचा पोरगा उठून जवळ आला आणि नुसताच उभा राहिला. मग म्हणाला, "दादा, वाचनालयाचं उघडलं की मला जादा बटणं दिसायलेत."

"कसली?"

"दंड माफ करा. सभासद काढून टाका. आणि सगळ्यांचे फोन नंबर."

त्याचा मोबाइल हातात घेतला. समोर कार्यवाहांचं पान. आमच्याकडे चार पायऱ्या आहेत : सभासद, चर्चेतला मजकूर काढू शकणारा संपादक, ग्रंथपाल आणि सगळ्यांच्या वर कार्यवाह. पोरगा पहिल्या पायरीवरचा. मधल्या दोन न चढता थेट माळ्यावर पोचला होता.

"कधीपासून?"

"मंगळवारपासून."

"आणि आज सांगतोस?"

"भ्या वाटलं."

"काही दाबलंस का?"

बराच वेळ खाली बघत राहिला. "आज्जीचा दंड. चौदा रुपये होता. माफ केला."

हसू आवरलं. मंगळवारी वेगळं काय केलंस, असं विचारलं तर म्हणाला, फक्त टोपणनाव बदललं. बाकी कशाला हात लावला नाही.

तिथूनच व्यवस्थापनाची पानं बंद केली आणि ‘दुरुस्ती सुरू आहे’ अशी पाटी लावली. देवघेव चालू ठेवली, नाहीतर सोमवारी ग्रंथपालकाकांचा फोन आलाच. सगळ्यांची लॉगिनं रद्द केली. रात्री डेटाबेसची प्रत उतरवून घेतली. उतरताना दोनदा लाइट गेली.

३० जून, रविवार

सकाळचे दोन तास चुकीच्या वाटेवर गेले. ती वाटही नोंदवून ठेवतो, कारण तिथंही एक भगदाड सापडलं.

पोरानं टोपणनाव बदललं ते ‘माझी माहिती’ या पानावरून, म्हणून तेच पान आधी उघडलं. आतला कोड असा : अर्जातून येईल ती प्रत्येक रकाना-किंमत जोडी घ्यायची आणि जशीच्या तशी सभासदांच्या तक्त्यात लिहायची. कोणते रकाने सभासदानं बदलायचे आणि कोणते नाही, याची यादीच नाही. ब्राउझरमधून अर्जात ‘अनामत रक्कम’ नावाचा एक जादा रकाना घुसडला, तर ५०० रुपयांची अनामत ५,००० होते. करून पाहिलं. झाली.

हा प्रकार जुना आहे. मार्च २०१२ मध्ये एगोर होमाकोव यानं गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर याच जातीच्या चुकीतून रेल्स या वेबसाइटी बांधायच्या चौकटीच्या मूळ प्रकल्पात स्वतःची प्रवेशाची किल्ली घातली होती आणि जगभरच्या रेल्सवाल्यांची झोप उडवली होती. मला वाटलं, सापडलं. चहा करून घेतला.

चहा संपेपर्यंत लक्षात आलं की हे ते नव्हे. एक तर पोरानं जादा काही पाठवलेलं नाही. सर्व्हरच्या लॉगमध्ये मंगळवारचा साधासरळ अर्ज आहे. दुसरं, पायरी सभासदांच्या तक्त्यात नसतेच. ती ‘अधिकार’ नावाच्या वेगळ्या तक्त्यात असते. तिथं पोराची ओळ नाही. म्हणजे त्याला अधिकार कुणी दिलेला नाही, आणि तरीही तो आहे.

मग ‘अधिकार’ तक्ता नीट पाहिला. ओळी सगळ्या मिळून ६. कार्यवाहांच्या ओळीत सभासद क्रमांक नाही, टोपणनाव आहे : तऱ्हेवाईक. आमचे कार्यवाह म्हणजे गुरुजी; ते गेली कित्येक वर्षं वाचनालयाच्या भित्तिपत्रकात याच नावानं लिहितात.

आणि पोराचं मंगळवारचं नवं टोपणनाव : तर्हेवाईक.

एकाला डोळ्यावरच्या पापणीसारखा अर्धा ऱ, दुसऱ्याला ह वर रफार. डोळ्यांना दोन वेगळी नावं. पीएचपीलाही वेगळी. डेटाबेसला मात्र एकच.

दोन्हींचे बाइट मोजले. गुरुजींचं ३०, पोराचं २७. फरक तीन बाइटांचा, म्हणजे एका अक्षराचा, आणि ते अक्षर पडद्यावर दिसतच नाही : यू+२००डी, शून्य रुंदीचा जोडक. गुरुजींच्या जुन्या संगणकावर ऱ्ह लिहिला की र, हलन्त, मग हा अदृश्य जोडक, मग ह अशी रांग तयार होते. जोडक सांगतो की बाबा, इथं रफार करू नको, पापणी काढ. पापणीचा ऱ लिहायची ही रीत युनिकोडनं, म्हणजे संगणकावर सगळ्या लिप्या लिहायच्या प्रमाणानं, स्वतःच्या जुन्या २.० आवृत्तीशी जुळवून घ्यायला चालू ठेवली आहे. पोराला मोबाइलवर पापणी कुठं असते ते सापडलं नाही, म्हणून त्यानं र्ह वर भागवलं.

आता डेटाबेस. आमच्या तक्त्यांची तुलनापद्धत यूटीएफ८एमबी४_युनिकोड_सीआय. ती मजकूर बाइटांनी तोलत नाही. प्रत्येक अक्षराला वजन देते आणि वजनं जुळवते. जोडकाचं वजन शून्य. म्हणजे तुलनेपुरता तो नाहीच. डेटाबेसला थेट विचारलं, ही दोन नावं समान का? उत्तर १. बायनरी पद्धतीनं, म्हणजे बाइट न् बाइट जुळवून, विचारलं. उत्तर ०.

आता सगळी साखळी जुळली. नवं टोपणनाव आधी कुणी घेतलंय का, हे पीएचपी बघते. सगळ्या नावांची एक फाइल ठेवलेली आहे, तिच्यात बाइट न् बाइट जुळवून शोधते. ‘तर्हेवाईक’ सापडलं नाही, म्हणून नाव दिलं. मग दर पान उघडताना डेटाबेसला विचारलं जातं, ‘या टोपणनावाचा अधिकार कोणता?’ डेटाबेस गुरुजींची ओळ काढून देतो. दारावरचा रखवालदार म्हणतो हे दोन वेगळे, आतला मुनीम म्हणतो एकच. दोघांनीही आपापलं काम चोख केलंय.

गंमत म्हणजे टोपणनावाच्या रकान्याला डेटाबेसमध्ये ‘पुन्हा नको’ अशी अट घातलेली असती, तर डेटाबेसनं पोराला दारातच अडवलं असतं. त्याला दोन्ही नावं सारखीच वाटतात ना!

हा कोड मूळ ज्यानं लिहिला त्याला पुण्याला फोन लावला. अधिकार नावावर का बांधलास? म्हणाला, "अरे, तेव्हा सभासद क्रमांकच नव्हते. वही होती. वहीत नावं होती." आणि ती नावांची फाइल? "तेव्हाचं होस्टिंग डेटाबेसला काही विचारलं की दम खायचं." दोन्ही उत्तरं पटली. राग कुणावर काढावा ते कळेना.

२ जुलै, मंगळवार

दिवसभर उद्यमबागेत, कचेरीत. ओपनएसएसएच या सर्व्हरमध्ये दुरून शिरायच्या सॉफ्टवेअरमधलं भगदाड काल जाहीर झालंय, नोंद क्रमांक सीव्हीई-२०२४-६३८७. २००६ साली बुजवलेली चूक पुढच्या बदलांत नकळत पुन्हा उघडी पडली. सगळ्या सर्व्हरांवर एकेक करून दुरुस्ती बसवत होतो. वाचनालयाला शून्य मिनिटं.

एक मात्र डोक्यात बसलं. माझी दुरुस्तीही पुढचा कुणीतरी अशीच उसवणार. चाचण्या लिहून ठेवल्या पाहिजेत.

३ जुलै, बुधवार

रात्री गुरुजींच्या घरी. त्यांना बाइट, वजनं, जोडक यातलं काही सांगितलं नाही. कागदावर दोन नावं लिहिली आणि म्हणालो, संगणकाला ही दोन्ही एकच वाटतात.

गुरुजींनी चष्मा वर केला. "एकच? पहिलं बरोबर आहे. दुसरं अशुद्ध आहे."

"गुरुजी, प्रश्न शुद्धलेखनाचा नाही. तो पोरगा तुमच्या खुर्चीत जाऊन बसला होता."

"बसू दे की. पण ऱ्ह चा रफार केला त्यानं! बारावीत ना तो?"

मग स्वतःच गंभीर झाले. म्हणाले, तुझ्या त्या यंत्राला ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यातला फरक कळतो का बघ. घरी येऊन पाहिलं. गुरुजी पापणी जशी लिहितात तशी, जोडक घालून, लिहिलं तर कळत नाही. गुरूला द्यायचं ताट स्वयंपाक्याला, स्वयंपाक्याचं गुरूला. दर्या आणि दऱ्या यांचंही तसंच : समुद्र आणि डोंगरातल्या घळी एका वजनाच्या.

याचा एक अर्थ पक्का झाला. जोडक सरसकट पुसून टाकायचा सोपा उपाय चालणार नाही. तो मराठीत मजकुराचा भाग आहे.

६ जुलै, शनिवार

समितीची बैठक. रोपलावणीमुळे अकरापैकी पाचच आले, त्यातले दोन चिखलाच्या पायांनी दारातच बसले.

एका सदस्याला पोराचं सभासदत्व रद्द हवं होतं. "सोमवारपासून नवी न्याय संहिता लागू झालीय," म्हणाला, "आणि आयटी कायद्याचं कलम ६६ आहेच." मी सांगितलं की न्याय संहिता आली तरी २००० चा आयटी कायदा जागेवर आहे, आणि कलम ६६ लागायला कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटानं केलेलं असावं लागतं. पोरानं दार फोडलेलं नाही. त्यानं स्वतःचं नाव बदललं आणि दार आपोआप उघडलं. आत गेल्यावर चौदा रुपये माफ केले हे खरं, पण आपण होऊन येऊन सांगितलं हेही खरं.

"चौदा रुपये माफ केले ते कपट नाही?"

यावर अर्धा तास गेला. शेवटी गुरुजी म्हणाले, आज्जीनं चौदा रुपये भरावेत, विषय संपला. सगळ्यांना पटलं. आज्जीला अजून कुणी विचारलेलं नाही.

दुसरा प्रश्न जास्त अवघड होता आणि त्यावर पाच मिनिटंही कुणाला नको होती. पाच दिवस सगळ्यांचे फोन नंबर एका सभासदाला दिसत होते. हे लोकांना सांगायचं का? लॉगप्रमाणे यादीचं पान एकदाच उघडलं गेलंय. समितीचं मत, कशाला उगाच! २०२३ चा विदा संरक्षण कायदा संमत झालाय, लागू झालेला नाही, हे त्यांनीच मला ऐकवलं. मी म्हणालो, नंबर माझ्या आईचाही आहे, मला सांगावंच लागेल, मग बाकीच्यांना का नको? ते चाललं. फलकावर सूचना लावायची, मराठीत आणि कन्नडमध्ये. मजकूर माझ्याकडे.

७ जुलै, रविवार

आज मूळ काम. ठरवलं ते असं.

अधिकार आता सभासद क्रमांकावर. क्रमांक म्हणजे नुसता आकडा; त्याला ना पापणी ना रफार, आणि तो कुणाला बदलता येत नाही. टोपणनाव फक्त दाखवायला. ‘अधिकार’ तक्त्यातल्या सहाही ओळी हातानं बदलल्या. प्रत्येकाला फोन करून क्रमांक विचारून घेतला, कारण नावावरून शोधून भरले असते तर आधीचीच चूक नव्या तक्त्यात गेली असती. ग्रंथपालकाका म्हणाले, "माझा नंबर तुला माहीत नाही?" काका, माहीत आहे, पण मला तुमच्या तोंडून हवाय.

टोपणनावाला दोन रूपं. एक सभासदानं लिहिलं तसं, जोडकासकट, तेच छापायचं. दुसरं तुलनेसाठी, कुणाला न दिसणारं. आधी युनिकोडच्या एनएफसी पद्धतीनं सारखं करायचं, मग जोडक, अजोडक (‘जोडू नको’ सांगणारा त्याचा अदृश्य भाऊ) आणि शून्य रुंदीची मोकळी जागा काढायची, पुढेमागचे स्पेस छाटायचे, ऱ चा र करायचा. या रूपाच्या रकान्याला बायनरी तुलना आणि ‘पुन्हा नको’ ही अट. एनएफसीनं भागेल असं मला आधी वाटलं होतं. र आणि नुक्ता वेगवेगळे आले तर ती त्यांचा एक ऱ करते, एवढं बरोबर. पण जोडकाला ती शिवत नाही.

शिवाय नाव घेतानाच एक नियम : जोडक असेल तर तो हलन्तानंतरच असावा, बाकी कुठंही आला तर नाव नाकारायचं. नाहीतर उद्या कुणीही कुठल्याही अक्षरामागं अदृश्य शेपूट लावील. नियम माझा नाही. इंटरनेटवरच्या डोमेन नावांसाठी २०१० मध्ये आलेल्या आरएफसी ५८९२ या नियमपत्रात जोडकाला हीच अट आहे. आयता, तपासलेला नियम मिळाला म्हणून खूश होतो.

नावांची ती फाइल उडवली. आता एकच जागा ठरवते की दोन नावं एक आहेत की दोन.

१० जुलै, बुधवार

खुशी तीन दिवस टिकली. सभासदांतले साधारण तिसऱ्या हिश्श्याचे लोक कन्नडमध्ये लिहितात. शेजारच्या कन्नड शाळेतल्या टीचर त्यातल्याच, विद्यार्थ्यांना रँक मिळवून देण्याबद्दल ख्याती असलेल्या; टोपणनावही ‘रँक टीचर’, कन्नड लिपीत. जुनी सगळी नावं नव्या नियमातून काढून पाहिली, तर नाकारलेलं एकच निघालं, त्यांचं.

संध्याकाळी शाळेत गेलो. त्यांनी फळ्यावर लिहूनच दाखवलं. कन्नडमध्ये जोडाक्षरात र आधी आला की तो मागं सरकून अर्कावत्तु होतो, आपल्या रफाराचा भाऊच. रँक, रॅली असे इंग्रजी शब्द लिहिताना तो तसा सरकलेला नको असतो, र पूर्ण आणि पुढं उभा हवा असतो. त्यासाठी तिथंही हाच अदृश्य जोडक लागतो. फरक एवढाच की आपल्याकडं रांग र, हलन्त, जोडक अशी. त्यांच्याकडं र, जोडक, हलन्त. माझा ‘हलन्तानंतरच’ हा नियम देवनागरीला बसला आणि कन्नडला आडवा गेला.

"मग माझं नाव चुकीचं ठरवलं काय तुमच्या मशीननं?" हसत विचारलं त्यांनी. मी म्हणालो, मशीननं नाही, मी ठरवलं.

नियम बदलला : जोडक हलन्ताच्या आधी किंवा नंतर, पण हलन्ताला चिकटूनच. तुलनेच्या रूपातून तो तरीही जातो, त्यामुळं सुरक्षिततेत काही उणं होत नाही. फलकावरच्या सूचनेचा कन्नड मजकूर टीचरनीच तपासून दिला. माझ्या तीन ओळींत पाच चुका.

१३ जुलै, शनिवार

ही प्रणाली आमच्याकडंच असती तर एव्हाना नोंदी संपल्या असत्या. पण गेल्या काही वर्षांत पेनड्राइव्हवरून ती पसरली आहे. मला माहीत असलेल्या प्रती आमची धरून ४. पाचवी कुणीतरी नेली होती, कुणी ते आठवत नाही.

बाकीच्यांना कळवायचं कसं? समितीतल्या एकानं सुचवलं, सगळ्या वाचनालयांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाक. त्या गटात अडीचशे माणसं आहेत. दुरुस्ती पोचायच्या आधी ‘कार्यवाहांचं नाव जोडकाशिवाय लिहा’ ही कृती पोचली असती. म्हणून एकेकाला फोन करून, भेट ठरवून, आधी दुरुस्ती बसवायची आणि मग कारण सांगायचं. खानापूर तालुक्यातली प्रत गुरुवारी रात्री दूरवरूनच बसवली, काही निघालं नाही.

आज निपाणीकडची. बसनं गेलो, तवंदी घाटात धुकं इतकं की ड्रायव्हरनं भर दुपारी दिवे लावले. तिथल्या प्रतीवर आधी तपासणी चालवली : तुलनेत एकच ठरणारी पण बाइटांनी वेगळी टोपणनावं किती? मला वाटलं होतं जोडकाची एखादी जोडी निघेल. निघाली ती तीन ‘वाचनप्रेमी’.

तिन्ही दिसायला अगदी एकसारखी. हेक्स, म्हणजे बाइटांचे आकडे, काढून पाहिलं. दोघांच्या शेवटी स्पेस होता, एकाच्या एक आणि एकाच्या दोन. मोबाइलचा कीबोर्ड शब्द सुचवतो, आपण बोट लावलं की शब्दामागं स्पेस आपोआप टाकतो. ही तुलनापद्धत शेवटचे स्पेस जमेतच धरत नाही. तिघांतला बिनस्पेसचा वाचनप्रेमी तिथला संपादक. उरलेले दोघे गेलं वर्षभर न मागता संपादक होते आणि दोघांनाही पत्ता नव्हता. त्यातल्या एक मावशी तिथंच बसल्या होत्या. म्हणाल्या, "व्हय, ‘काढून टाका’ म्हणून काय तरी दिसत होतं. मला वाटलं सगळ्यांनाच दिसतंय. मी कशाला काढू कुणाचं लिहिलेलं?"

तिथल्या ग्रंथपालांनी विचारलं, नवा मायएसक्यूएल घेतला तर हे आपोआप जाईल का? अर्धं जाईल. आठव्या आवृत्तीची नवी तुलनापद्धत शेवटचा स्पेस मोजते, त्यामुळं वाचनप्रेमी वेगवेगळे पडतील. जोडकाचं वजन मात्र तिथंही शून्यच. तऱ्हेवाईक दोन एकच राहतील.

दुरुस्ती बसवून परत. मावशींनी भाकरी-पिठलं बांधून दिलं.

१७ जुलै, बुधवार

आषाढी. उपास, साबुदाणा, काम नाही. आई मंदिरातून येताना सांगत आली की फलकावरची सूचना चार जणींनी तिला वाचून दाखवली आणि ‘तुझ्या मुलानं केलंय का हे’ असं विचारलं. केलंय म्हणजे काय, चूक की दुरुस्ती, ते तिनं विचारलं नाही.

२० जुलै, शनिवार

बाकीचा कोड एकदा सलग वाचून काढला. एकूण ४१ पानं. त्यातल्या १७ पानांवर अधिकाराची तपासणीच नाही. ज्याला अधिकार नाही त्याला बटण दाखवायचं नाही, एवढंच केलंय. बटण दिसलं नाही तरी पानाचा पत्ता टाइप करता येतोच. प्रत्येक वेळी तपास, आणि सांगितलं नसेल तर नाही म्हण, ही दोन्ही तत्त्वं साल्ट्झर आणि श्रोडर या संगणक-सुरक्षेच्या अभ्यासकांनी १९७५ मध्ये लिहून ठेवलीयत. आता सगळी पानं एकाच तपासणीतून जातात. ज्या पानानं आपली पायरी सांगितली नाही ते कुणालाच उघडत नाही. त्यामुळं पहिल्या तासाभरात ‘आमच्याविषयी’ हे पानही बंद झालं होतं.

‘मला लक्षात ठेव’ची कुकी, म्हणजे ब्राउझरमध्ये ठेवलेली ओळखीची चिठ्ठी, पाहून अंगावर काटा आला. कुकीतून आलेली गोष्ट अनसीरियलाइज करून, म्हणजे मजकुरातून पुन्हा पीएचपीचं मूल्य बनवून, साठवलेल्या खुणेशी जुळवलीय, आणि जुळवलीय दोन बरोबरच्या चिन्हांनी. याचा इतिहास आहे. पीएचपीबीबी हे चर्चेचं सॉफ्टवेअर, फेब्रुवारी २००५, आवृत्ती २.०.१२ पर्यंत. कुकीत खुणेच्या जागी मजकुराऐवजी नुसतं ‘खरं’ हे बुलियन (खरं की खोटं एवढंच सांगणारं मूल्य) ठेवायचं. दोन बरोबरच्या चिन्हांच्या सैल तुलनेत ‘खरं’ हे नुसत्या शून्याखेरीज कुठल्याही भरलेल्या मजकुराशी जुळतं. सभासद क्रमांक २ लिहायचा, कारण पहिल्या प्रशासकाचा क्रमांक बहुधा तोच. पासवर्ड न लागता प्रशासक. २.०.१३ मधली दुरुस्ती म्हणजे तिसरं बरोबरचं चिन्ह. पीएचपी ८ नं सैल तुलनेतल्या काही विचित्र गोष्टी बदलल्या, पण ‘खरं’ आणि मजकूर अजूनही जुळतात.

आमच्याकडं हेच कुणी करू शकलं असतं. केल्याची लॉगमध्ये खूण नाही. कुकीत आता फक्त एक लांब यादृच्छिक आकडा, अनसीरियलाइज हद्दपार.

‘माझी माहिती’चं पानही आटोपलं. चार रकाने घेतं, बाकी सगळं टाकून देतं.

२१ जुलै, रविवार

गुरुपौर्णिमा. सकाळी नवी आवृत्ती चढवली, व्यवस्थापनाची पानं तीन आठवड्यांनी उघडली. चाचण्या ३८. त्यात दोन तऱ्हेवाईक, तीन वाचनप्रेमी, एक रँक टीचर आणि बुलियन कुकी आहे. सगळ्या पास झाल्या तेव्हा खरं सांगायचं तर विश्वास बसेना. म्हणून एक दुरुस्ती मुद्दाम काढून पुन्हा चालवल्या. ४ नापास. मग बरं वाटलं.

‘पुन्हा नको’ ही अट घालताना तक्त्यानं कुरकुर केली, कारण दोन तऱ्हेवाईक अजून होतेच. कुणा तरी एकानं नाव सोडायला हवं. पोराला म्हणालो, तुझं बदल. म्हणाला, "आज्जी मला लहानपणापासून तसंच म्हणत्या." गुरुजी तिथंच होते. एवढ्या वर्षांचं टोपणनाव ते काय सोडणार, असं मी धरून चाललो होतो. ते म्हणाले, "त्याला ऱ्ह लिहायला आधी शिकव. शिकला की नाव त्याचं."

पोरगा तिथल्या तिथं कीबोर्ड उघडून बसला. र वर बोट दाबून धरलं की वर ऱ येतो, हे त्याला सात मिनिटांनी सापडलं. गुरुजी आता ‘माजी तऱ्हेवाईक’ आहेत.

२७ जुलै, शनिवार

आठवडाभर पाऊस. चिकोडीकडची प्रत राहिली होती. त्या बाजूचे सखल पूल पाण्याखाली, म्हणून फोनवर बसून त्यांच्या ग्रंथपालांकडून एकेक आज्ञा टाइप करवून घेतली. दोन तास, आणि मधे त्यांच्या म्हशीची धार काढायची वेळ झाली. तिथं जोड्या निघाल्या नाहीत. पाचव्या प्रतीचा पत्ता अजून नाही. मूळ लिहिणाऱ्याला दोन नावं आठवतायत, सोमवारी लावून बघतो.

आज्जी येऊन १४ रुपये देऊन गेल्या. पावती मागितली.

पुस्तकांच्या शोधातही जुनीच तुलनापद्धत आहे. ‘दऱ्या’ शोधलं की समुद्रावरची पुस्तकंही निघतात. तिथंही बायनरी करावं म्हणून गुरुजींना विचारलं. हो म्हणतील असं वाटलं होतं. त्यांनी साफ नाही म्हटलं. "अरे, नाव अशुद्ध लिहिलेलं चालणार नाही. पण पुस्तक शोधणारा अशुद्ध लिहीत असला तर त्याला पुस्तक मिळालंच पाहिजे." शोध होता तसा ठेवला.